छतावर सोलर, घरात अंधार: कोल्हापुरातल्या घराला बॅटरी जोडताना

जुलै २०२१. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरून तिसरा दिवस. पाऊस उघडला होता, सकाळी दहाच्या सुमारास चक्क ऊन पडलं. पण गल्लीतलं पाणी हलायला तयार नव्हतं आणि वीज पहिल्याच रात्री बंद केलेली. आमच्या गच्चीवर सव्वातीन किलोवॅटचे पॅनल निवांत ऊन खात होते आणि खाली आम्ही कुणाच्या गाडीत मोबाइल चार्ज होईल का याचा हिशेब करत होतो. समोरच्या गच्चीवरून काकूंनी हाक मारली, "तुमच्यात सोलर हाय न्हवं? मग मोटर लावून जरा पाणी तरी चढवा की टाकीत!"

काय सांगणार? सोलर बसवणाऱ्याने "लाइट गेली की सोलरही बंद" हे वाक्य विकताना उच्चारलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

त्या पुरानंतर बॅटरी बसवायला मी दोन वर्षं घेतली. त्यातलं एक वर्ष चुकीच्या प्रश्नाच्या मागे गेलं. "बॅटरीने बिल किती वाचेल?" हाच प्रश्न मी प्रत्येक दुकानदाराला विचारत होतो, आणि प्रत्येक जण मला आवडेल तेच उत्तर देत होता. नेट मीटर (बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज यांची वजाबाकी करणारा) असलेल्या घराने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: लाइट किती तास जाते, आणि त्या तासांत घरात काय चालू राहिलं पाहिजे? सगळी खरेदी यावरून ठरते.

आधी हे कळू द्या: ऊन असून सोलर बंद का पडतं

आपल्याकडच्या बहुतेक घरांवर ऑनग्रिड इन्व्हर्टर असतो. तो महावितरणच्या विजेचा व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी बघून आपली वीज त्यात मिसळतो. बाहेरची वीज गेली की तो एक-दोन सेकंदांत स्वतःला बंद करतो. हा बिघाड नव्हे, सक्ती आहे. तुमच्या छतावरची वीज लाइनमध्ये उलटी गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे "जरा सेटिंग बदलून चालू ठेवता येतं" असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

लाइट नसताना पॅनल चालवायचे असतील, तर घराला बाहेरच्या लाइनपासून पूर्ण तोडून स्वतःचं छोटं ग्रिड, म्हणजे वीजजाळं, तयार करणारं यंत्र लागतं. त्या ग्रिडला टेकू बॅटरीचा असतो. ढग आला की पॅनलची वीज निम्म्यावर येते, मोटर सुरू झाली की मागणी एकदम उसळते. मधला फरक बॅटरी भरून काढते.

लाइट जाण्याची डायरी ठेवा

महिनाभर कॅलेंडरवर लिहा: लाइट कधी गेली, कधी आली. कोल्हापुरात मला तीन प्रकार दिसले. एक, एप्रिल-मेमधला वळीव: वारं सुटतं, फांदी तारांवर पडते, दोन-तीन तास अंधार. दोन, देखभालीसाठी आधी कळवून बंद ठेवतात ते. तीन, पूर. हा तिसरा प्रकार २०१९ ला आला, २०२१ ला आला, आणि तो तासांत नव्हे, दिवसांत मोजायचा असतो.

तुमचं घर पाचगाव, कळंबा, राजारामपुरीसारख्या चढावरच्या भागात असेल आणि डायरीत फक्त पहिले दोन प्रकार असतील, तर मोठ्या बॅटरीचा नाद सोडा. साधा होम यूपीएस आणि १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर (पाणी घालायची लीड-अॅसिड) बॅटरी घ्या. ती १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १.८ युनिट, निम्मी वापरायची म्हटली तरी ०.९ युनिट. तीन तास चार दिवे, दोन पंखे आणि वायफाय त्यात आरामात निघतात. ती महावितरणच्या विजेवर चार्ज होते आणि ती युनिटं तुमचं सोलर फेडतंच. सगळा खर्च पंचवीस हजारांच्या आसपास. तुमचं काम एवढ्यात होत असेल, तर पुढचं वाचण्याची गरज नाही.

आता लोड काढा, कागद-पेन्सिल घेऊन

घरातल्या सगळ्या उपकरणांची यादी करू नका. पुराच्या दिवशी लागणाऱ्यांचीच करा. आमच्या पाच माणसांच्या घराची एका दिवसाची यादी अशी निघाली:

- ९ वॅटचे चार दिवे, ६ तास: ०.२२ युनिट
- ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, १० तास: ०.६ युनिट
- वायफाय आणि पाच मोबाइल: ०.३ युनिट
- फ्रिज: ०.९ युनिट
- टीव्ही, २ तास, मुख्यतः पुराच्या बातम्यांसाठी: ०.१६ युनिट
- मिक्सर, १० मिनिटं: ०.१ युनिट
- अर्ध्या एचपीची मोटर, अर्धा तास: ०.२८ युनिट

बेरीज अडीच युनिटांच्या थोडी वर. पंखे जुने, ७५ वॅटचे असते तर फक्त पंख्यांनीच दीड युनिट खाल्लं असतं. म्हणून बॅटरीच्या आधी पंखे बदला. तो सगळ्यात स्वस्त "स्टोरेज" आहे.

आणि आता ती ओळ, जी दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नसते. ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) नुसता चालू असताना स्वतःच ४०-५० वॅट खातो. ५० धरले तर २४ तासांचे झाले सव्वा युनिटाच्या आसपास. म्हणजे आमच्या घरात फ्रिजपेक्षा मोठा गिऱ्हाईक खुद्द इन्व्हर्टरच. हे धरून दिवसाची गरज पावणेचार युनिटांवर गेली, आणि बॅटरीच्या डीसी विजेची घरची एसी वीज करतानाची गळती धरली की चारच्या वर.

गीझर, इंडक्शन, इस्त्री, एसी या यादीत घेऊ नका. गीझर २००० वॅटचा असतो. अर्ध्या तासात एक युनिट गेलं. रश्श्याचं वाटण मिक्सरवर होऊ दे, शिजवायला गॅस आहे.

मोटरीबद्दल मात्र थांबून विचार करा. पूर आला की बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात जातात आणि नळ कोरडे पडतात, हे दोन्ही वेळा बघितलंय. मग टँकर येतो, आणि तो येईल त्या घटकेला खालच्या टाकीतलं पाणी वर चढवावं लागतं. अर्ध्या एचपीची मोटर चालताना ५५०-६०० वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर तिच्या चौपट-पाचपट ओढते. एक एचपीची त्याच्याही दुप्पट. इन्व्हर्टरची क्षमता या झटक्यावरून ठरवायची, दिव्या-पंख्यांच्या बेरजेवरून नाही.

आणि पुराच्या दिवसात पॅनल देतील किती?

आपल्याकडे एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी रोज चार युनिटांची. एप्रिलमध्ये त्याहून बरी. पण जुलैत झड लागली की एक-दीड युनिटावर समाधान मानायचं. म्हणजे सव्वातीन किलोवॅटचे रोज तीन ते पाच युनिट. आमची गरज चारच्या थोडी वर. हात आखडून वापरलं तर गाडी चालते, दोन दिवस काळेकुट्ट गेले तर फ्रिज बंद ठेवावा लागतो. मोठी बॅटरी घेऊन हे गणित बदलत नाही. तीही भरणार त्याच ढगाळ उन्हावर.

बिल वाचण्याचं गणित एकदाच करून टाकू

५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियमच्याच एका जातीची) बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. नव्वद टक्के वापरली तर ४.६. किंमत लाखाच्या आसपास, मेकप्रमाणे मागेपुढे. चार हजार वेळा रिकामी करून भरली तर आयुष्यात १८,४०० युनिटं साठवेल. म्हणजे प्रत्येक युनिट साठवण्याचे सुमारे साडेपाच रुपये, इन्व्हर्टरचा खर्च सोडून, आणि तेही अकरा वर्षं रोज वापरली तर.

नेट मीटरवर मात्र दुपारी बाहेर दिलेलं युनिट रात्री युनिट म्हणूनच परत मिळतं, फुकट. आर्थिक वर्षाअखेरीस उरलेली युनिटं कमी दराने हिशेबात धरली जातात, एवढाच काय तो तोटा. मग साडेपाच रुपये मोजून तेच काम बॅटरीकडून कशाला करून घ्यायचं? दिवसा-रात्रीच्या विजेचे दर वेगळे होत चाललेत, त्यामुळे पुढे हे गणित थोडं हलेल. आज तरी बॅटरी हा अंधाराविरुद्धचा विमा आहे आणि विम्याएवढेच पैसे त्यात घाला.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही बॅटरीला मिळत नाही. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढे एकूण ७८,००० रुपये, हे पॅनलच्या क्षमतेवर आहे.

कोणती बॅटरी

लीड-अॅसिड ट्यूब्युलर की लिथियम, हा वाद रोज रिकामी होणाऱ्या किंवा दिवसचे दिवस चालणाऱ्या वापरासाठी मिटल्यात जमा आहे: लिथियम, आणि त्यातही एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ही रसायनं लिथियमच्या इतर जातींपेक्षा तापमानाला शांत असतात. लीड-अॅसिड निम्मीच वापरायची, दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायचं (एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा जुगाड नको), चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनसाठी हवा खेळती ठेवायची, आणि चार-पाच वर्षांनी बदलायची. पुराच्या ढगाळ दिवसात तिची आणखी एक खोड कळते: भरताना ती वीस टक्के वीज वाया घालवते. तीन युनिटं मोजून मिळत असताना हे परवडत नाही.

लिथियम घेताना विक्रेत्याला चार गोष्टी लेखी मागा. सायकलचा, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून रिकामी करता येईल याचा, आकडा किती टक्के डिस्चार्जला आणि किती तापमानाला आहे. वॉरंटी वर्षांत आहे की एकूण युनिटांत. बॅटरीचा बीएमएस (तिच्या आतलं राखण करणारं सर्किट) तुमच्या इन्व्हर्टरशी बोलतो का, म्हणजे इन्व्हर्टर कंपनीच्या यादीत त्या बॅटरीचं नाव आहे का. आणि आयईसी ६२६१९ चं, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र.

पाचवी गोष्ट आपल्या गावापुरती: बिघाड झाला तर माणूस कुठून येणार? "पुण्याहून इंजिनिअर पाठवू" हे ऐकायला छान वाटतं. पण आपल्याला बॅटरी ज्या आठवड्यासाठी हवी आहे, नेमका त्याच आठवड्यात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असतो. दोन्ही पुरांत होता.

सेल आणून पॅक बांधून देणारेही भेटतात, निम्म्या किमतीत. ई-बाइकच्या जुन्या सेलचे पॅकही फिरतात. झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मी ते ठेवणार नाही.

जोडायची कशी: दोन रस्ते

पहिला रस्ता: जुना ऑनग्रिड इन्व्हर्टर काढून त्या जागी हायब्रिड लावायचा. पॅनल, बॅटरी, ग्रिड सगळं एकाच पेटीत. वॉरंटी संपत आलेली असेल तर हाच सरळ मार्ग.

यात एक सापळा आहे. तुमच्या पॅनलची माळ किती व्होल्टची आहे ते बघा. आमचे ५४० वॅटचे सहा पॅनल ओळीने जोडलेत. चालताना साधारण २४५ व्होल्ट, मोकळे असताना ३०० च्या आसपास. बाजारात "हायब्रिड" नावाखाली असेही इन्व्हर्टर मिळतात ज्यांचा एमपीपीटी (पॅनलची वीज आत घेणारा भाग) जेमतेम शंभर-दीडशे व्होल्ट सोसतो. त्याला ही माळ जोडली की पहिल्याच सकाळी धूर. डेटाशीटवरची एमपीपीटी रेंज आणि कमाल डीसी व्होल्टेज हे दोन आकडे पॅनलच्या पाठीवरच्या लेबलाशी स्वतः ताडून बघा. दुसरं, काही हायब्रिड ग्रिडला वीज परत देतच नाहीत. तो घेतला तर नेट मीटर शोभेला उरेल.

दुसरा रस्ता: ऑनग्रिड इन्व्हर्टर आहे तिथेच ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर बसवायचा आणि सोलर त्याच्या बॅकअप बाजूला आणायचं. याला एसी कपलिंग म्हणतात. लाइट गेली की बॅटरी-इन्व्हर्टर ग्रिडचं सोंग घेतो, ऑनग्रिड इन्व्हर्टर फसतो आणि चालू राहतो. पण भर दुपारी बॅटरी भरली आणि घरात लोड नसला तर उरलेली वीज जाणार कुठे? बॅटरी-इन्व्हर्टर फ्रीक्वेन्सी वाढवतो, ते बघून सोलर इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो किंवा बंद पडतो. जुने इन्व्हर्टर हळूहळू कमी करत नाहीत, थेट बंद-चालू करत बसतात. शिवाय सोलर इन्व्हर्टरची क्षमता बॅटरी-इन्व्हर्टरपेक्षा जास्त असता कामा नये. नवीन, अनुदानातून बसवलेलं सोलर असेल आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करार मोडायचा नसेल, तर हा रस्ता बरा.

मी पहिला घेतला: ५ किलोवॅटचा हायब्रिड आणि ५.१२ युनिटांची एक बॅटरी, पुढे दुसरी जोडता येईल अशी.

कागदांचं थोडक्यात: नेट मीटरच्या मंजुरीत इन्व्हर्टरची नोंद असते. बदलण्याआधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नवा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर ग्रिडपासून तुटतो याचं, म्हणजे आयएस १६१६९ किंवा आयईसी ६२११६ चं प्रमाणपत्र अर्जाला जोडा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

जागा

आमच्या जिन्याच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ अजून आहे, सातव्या पायरीला. बॅटरी पहिल्या मजल्यावर ठेवली यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. तुमचं घर पूररेषेजवळ असेल तर तुमच्या घरातली अशी रेघ शोधा, घरात म्हातारं माणूस असेल तर २००५ ची आणि २०१९ ची विचारा, आणि सगळ्यात वरच्या रेघेच्या वर दोन-तीन फूट जा. इन्व्हर्टर आणि डीबीही (एमसीबींची पेटी) तिथेच. बॅटरी वर आणि बॅकअपची डीबी तळमजल्यावर, असलं काम बघितलंय मी.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको. एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही आणि बॅटरीला ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायचं नसतं. देवघर, गॅस सिलिंडर आणि बाहेर पडायच्या वाटेपासून लांब.

बॅटरी ४५-५० किलोची असते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या मातीच्या भिंतींत अँकर बोल्ट धरत नाही. दोन पावसाळ्यांनी बॅटरी भिंतीसकट खाली येईल. जमिनीवर स्टँड करा. उद्यमनगरात मोजमाप लिहून दिलं की लोखंडी अँगलचा स्टँड संध्याकाळपर्यंत हातात. खाली रबर आणि मागे हवेला चार बोटं जागा ठेवायला सांगा.

वायरिंग: इथे घाई नको

५ किलोवॅटला ४८ व्होल्टच्या बाजूने शंभराच्या वर अँपिअर धावतात, बॅटरी उतरत आली की १२० पर्यंत. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची केबल, लांबी दोन मीटरच्या आत. लग, म्हणजे केबलच्या टोकाच्या तांब्याच्या टोप्या, हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबलेले. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून चांगला दिसतो आणि आतून तापतो. पॉझिटिव्हवर बॅटरीच्या जवळ डीसी फ्यूज, मॅन्युअलमध्ये असेल तेवढ्या अँपिअरचा, आणि डीसीचाच ब्रेकर. एसीची एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही. डीसी ब्रेकरवर प्लस-मायनसची खूण असेल तर तीही पाळा. एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) दोन्ही बाजूंना, वळिवाच्या विजांसाठी. अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात कोरडे पडतात. मे महिन्यात पाणी घाला.

बॅकअपसाठी वेगळी छोटी डीबी करायची आणि यादीतली सर्किटंच तिच्यावर आणायची. इथेच आमच्याकडे घोळ झाला.

काम झालं, सगळं चालू. तासाभरात बॅकअपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) पडली. उचलली, पुन्हा पडली. जोडणाऱ्या मुलाने दोनदा बदलून बघितली आणि शेवटी म्हणाला, "मालक, ही खराबच येतात, काढून टाकतो." काढली. सगळं शांत. चार दिवसांनी वळिवात लाइट गेली, हॉलचे दिवे लागले, पण मागच्या खोलीत अंधार आणि स्वयंपाकघरातला पंखा ढिम्म.

आमच्या ओळखीचे एक जुने वायरमन आले. त्यांनी इन्व्हर्टरकडे बघितलंही नाही. जुन्या डीबीचं झाकण काढलं, न्यूट्रलच्या पट्टीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, "फेज नेल्या तिकडं, न्यूट्रल ठेवलेत हितंच." मागच्या खोलीची फेज नव्या डीबीवर गेली होती, न्यूट्रल मात्र जुन्या पट्टीवरच राहिला होता. लाइट असताना दोन्ही न्यूट्रल इन्व्हर्टरमधून एकत्र असतात म्हणून दिवे लागत. पण करंट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतत असल्याने आरसीसीबी पडायची. ती बिचारी बरोबरच सांगत होती. लाइट गेली की इन्व्हर्टर फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि मागच्या खोलीला परतीची वाटच उरत नाही.

जुन्या घरांत एकाच न्यूट्रलवर दोन-तीन खोल्या चढवलेल्या सर्रास असतात. म्हणून बॅकअप चालू करण्याआधी प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच डीबीवर आलेत का बघा, आणि ही तपासणी करून घ्या: मेन बंद, सोलर आणि बॅटरी बंद, बॅकअप डीबीचा न्यूट्रल इन्व्हर्टरपासून सोडवायचा, आणि मल्टिमीटरने बॅकअप न्यूट्रल व मेन न्यूट्रल यांच्यात कंटिन्युइटी बघायची. बीप वाजला तर कुठेतरी ते एकत्र आहेत. शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि आरसीसीबी काढू तर मुळीच नका.

दुसरी तपासणी बॅकअपवर असताना: न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवा. शंभराच्या घरात आला तर बॅकअपमध्ये न्यूट्रल अर्थला बांधला जात नाही, आणि शॉक बसला तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये यासाठी रिले असतो, फक्त सेटिंगमधून चालू करावा लागतो. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही. ते बटण अर्थ नसतानाही काम करतं.

सेटिंग

बीएमएसची केबल जोडली असेल तर बॅटरीचा प्रकार "लिथियम" निवडा, व्होल्टेज ते दोघं आपसात ठरवतात. केबल नसेल तर सोळा सेलच्या एलएफपीला साधारण ५६ ते ५६.८ व्होल्टपर्यंत चार्ज, फ्लोट ५४, आणि ४८ ला बंद. पण बॅटरीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. "इक्वलाइझ" नावाचं सेटिंग लीड-अॅसिडसाठी असतं, ते बंद. चार्जिंग करंट १०० अँपिअर-अवरला ५० अँपिअर पुरे.

राखीव टक्केवारी, म्हणजे लाइट असताना बॅटरी किती खाली उतरू द्यायची, हे मी नक्षत्रांवर चालवतो. हस्त संपला की ३० टक्के. मृग लागला की ८०, आणि ग्रिडवरून चार्जिंग चालू. लिथियमला कायम शंभर टक्क्यांवर तुंबवून ठेवणं मानवत नाही, म्हणून ८०. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरू देतो, म्हणजे सेल बॅलन्स होतात आणि टक्क्यांचा आकडा खरा राहतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची, इशारा पातळीची बातमी आली की लगेच शंभर.

पैसे देण्याआधी दोन तास

ठेकेदार घरात असतानाच मेन पाडा. फ्रिज, दिवे, पंखे चालू राहतात का, वायफाय रीस्टार्ट होतं का बघा. मग मोटर लावा. मग मोटर चालू असताना मिक्सर. मग दोन तास काही करू नका. त्यानंतर इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक लग आणि ब्रेकरवर धरा. एखादा लग शेजाऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंश गरम असेल तर तो सैल किंवा कच्चा दाबलेला आहे. आमचा एक निघाला. भर उन्हात हीच चाचणी पुन्हा करा, बॅटरी भरलेली असताना. सोलर शहाण्यासारखं कमी होतं की फटकन बंद पडतं ते तेव्हाच कळतं.

पाणी चढू लागलं तर

४३ फूट, धोका पातळी ओलांडली की खालच्या मजल्यावरची सर्किटं डीबीतून पाडून ठेवा, प्लगमधल्या वस्तू काढा. पाणी इन्व्हर्टरच्या मजल्याकडे येतंय असं वाटलं तर क्रम असा: आधी एसी मेन आणि बॅकअप, मग पॅनलचा डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडायचा स्विच), शेवटी बॅटरीचा ब्रेकर. आयसोलेटर पाडला तरी छतापासून तिथपर्यंतच्या केबलमध्ये उजेड आहे तोवर ३०० व्होल्ट असतातच. ती केबल पाण्यात असेल तर जवळ जाऊ नका. बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा लावायची नसते, बाहेरून कितीही स्वच्छ दिसली तरी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटरीची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे. भंगारवाल्याला देऊ नका.

स्टँडच्या बाजूला मी एक डबा अडकवलाय: दोन फ्यूज, एक टेस्टर, टॉर्च आणि वरच्या क्रमाचा लॅमिनेट केलेला कागद. घरात मी नसलो तर आईला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

२०२४ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोक्याच्या वर गेली. आमच्या दारात पाणी आलं नाही, पण लाइट काही तास गेली. समोरच्या काकूंनी विचारलंच, त्यांच्या मोटरीला वायर देता येईल का. त्यांची एक एचपीची. सुरू होतानाचा झटका आमच्या एका बॅटरीच्या बीएमएसला सोसला नसता, आणि रस्त्यावरून ओल्यात वायर टाकणं तर नकोच. मग आमच्याच मोटरीने आमची टाकी भरली आणि गच्चीवरून गच्चीवर बागेचा पाइप टाकला. पाऊण तास लागला. ०.४ युनिट.